एमएस, गुळवेल आणि 'प्रतिकारशक्ती वाढवा'वाले नातेवाईक

रानजाई
धागा काढू का नको असं चार दिवस चाललं होतं, शेवटी काढतेय. माझी धाकटी बहीण, वय २९, नाशिकला असते. फेब्रुवारीत तिला डाव्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं आणि डोळा फिरवला की आत दुखायचं. आम्हाला वाटलं नंबर वाढला असेल, लॅपटॉप लॅपटॉप करत असते दिवसभर. मग एक दिवस देवापुढे बसलेली असताना म्हणाली की ताई हा कुंकवाचा करंडा उजव्या डोळ्याने लाल दिसतो आणि डाव्याने विटका, खूप धुतलेल्या ओढणीसारखा. तेव्हा धस्स झालं. डोळ्याच्या डॉक्टरांनी लगेच न्यूरोकडे पाठवलं, मग एमआरआय, पाठीतलं पाणी, सगळं झालं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस. मागच्या वर्षी पायाला तीन आठवडे मुंग्या होत्या ते आम्ही बी ट्वेल्व्हवर ढकललं होतं, तोही याचाच झटका होता म्हणे.

पाच दिवस स्टिरॉइडची सलाइन झाली, डोळा बराचसा परत आला. आता डॉक्टर रिटुक्सिमॅब म्हणतायत, रक्तातल्या एका जातीच्या पेशी संपवायचं औषध. आणि इकडे घरात रोज एक फोन. आत्या म्हणते पोरीची प्रतिकारशक्तीच कमी झालीये, गुळवेलीचा काढा सुरू करा. काका म्हणतात च्यवनप्राश. शेजारच्या काकू कुठलं तरी पेय घेऊन आल्या, इम्युनिटी बूस्टर लिहिलंय डब्यावर. आई पार गोंधळलीये, म्हणते सगळे वाढवा म्हणतात आणि हा एकटा डॉक्टर कमी करा म्हणतो, खरं कोणाचं? मला पण तिला नीट समजावता येत नाहीये. कोणी साध्या भाषेत सांगेल का की आत नक्की काय होतं, आणि नवीन काय काय येतंय?

बंडूनाना
रानजाई, बहिणीला लवकर बरं वाटो. पण गुळवेलीला एवढं वाईट म्हणू नका हं, आमच्याकडे करोनात सगळ्यांनी घेतली, कोणाला काही झालं नाही.

खडीसाखर
नाना, थांबा जरा, याच मुद्द्यावरून सुरू करते. मी डॉक्टर नाही, पण बारा वर्षं इम्युनॉलॉजीच्या लॅबमध्ये आहे, तेव्हा आतलं काय ते सांगू शकते, औषध कोणतं घ्यायचं ते नाही.

आईंना एवढंच सांगा की तुमच्या मुलीची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाहीये, ती भलत्याच माणसाला धरतेय. पोलिसांकडे वॉरंट आहे एका पाटलाच्या नावाचं आणि उचलून आणलाय त्याच गल्लीतला दुसरा पाटील. आता अशा वेळी पोलिसांची संख्या दुप्पट केली तर काय होईल?

मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं, वायरवरच्या रबरासारखं. एमएसमध्ये टी पेशी नावाचे आपलेच शिपाई रक्तातून मेंदूत शिरतात, एरवी तिथे फार येजा नसते कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक असतात. आत शिरले की या वेष्टनावर हल्ला, सूज, आणि वेष्टन गेलं की सिग्नल रखडतो. डोळ्याच्या नसेवर झालं की रंग विटतो, पाठीच्या कण्यात झालं की पायाला मुंग्या. सूज उतरली की बरंच परत येतं, पण डाग उरतो. ते डाग पॅरिसच्या शार्को नावाच्या डॉक्टरने १८६८ मध्ये नीट वर्णन करून ठेवलेत, नावातलं स्क्लेरोसिस त्या कडक झालेल्या चट्ट्यांवरूनच.

आणि 'वाढवा'चा प्रयोग माणसांवर होऊन गेलाय बरं का. १९८७ मध्ये गॅमा इंटरफेरॉन, म्हणजे टी पेशींना चेव आणणारं रसायन, एमएसच्या १८ पेशंटना देऊन बघितलं होतं, हेतू चांगलाच होता. १८ पैकी ७ जणांना झटका आला, प्रयोग बंद. गंमत म्हणजे त्याचाच चुलतभाऊ बीटा इंटरफेरॉन उलटा वागतो, तो १९९३ मध्ये एमएसचं पहिलं औषध ठरला. तेव्हा शक्ती 'वाढवणे' 'कमी करणे' असं एक बटण नसतंच मुळी.

गुळवेलीचं: करोनाच्या काळात, २०२० च्या शेवटच्या चार महिन्यांत, मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ जणांत कावीळ आणि यकृताला इजा नोंदवली, त्याचं रूप ऑटोइम्यून होतं, म्हणजे शरीरच यकृतावर उलटलं होतं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता, तो वादही होऊन गेला. पण जिला आधीच ऑटोइम्यून आजार आहे तिच्यावर हे करून बघू नये असं माझं स्पष्ट मत. हळदीचं दूध प्या खुशाल.

गोदाकाठ
पाटलाचं उदाहरण आवडलं, मी पाटीलच आहे. पण मुळात वॉरंट कोणाच्या नावाचं निघतं? पहिला पाटील कोण?

खडीसाखर
हाच प्रश्न शंभर वर्षं लोंबकळत होता. आता बहुतेकांचं बोट एका विषाणूकडे आहे, एपस्टाइन बार, ईबीव्ही. लहानपणी साध्या सर्दीतापासारखा येऊन जातो आणि मग जन्मभर अंगात मुक्काम करतो.

२०२२ च्या जानेवारीत हार्वर्डच्या अल्बर्टो अशेरिओंच्या गटाने जो अभ्यास छापला तो वाचताना मी खुर्चीवरून उठले होते अक्षरशः. अमेरिकन सैन्यात सैनिकांचं रक्त ठरावीक काळाने घेतात आणि सीरम जपून ठेवतात, एचआयव्हीच्या तपासणीसाठी. असे १ कोटीहून जास्त सैनिक, वीस वर्षांचा काळ. त्यातल्या ९५५ जणांना पुढे एमएस झाला, ८०१ जणांचे जुने नमुने उपलब्ध होते. त्यात ३५ जणांना सुरुवातीला ईबीव्ही नव्हता, आणि एमएस व्हायच्या आधी ३५ पैकी ३४ जणांना तो झालेला होता. ईबीव्ही झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट. तसाच पसरणारा दुसरा विषाणू सीएमव्ही, त्याने काही फरक पडला नाही.

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी दाखवलं की ईबीव्हीच्या एका प्रथिनाचा तुकडा आणि मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनाचा तुकडा इतके सारखे आहेत की एमएसच्या काही पेशंटच्या पाठीतल्या पाण्यातली अँटिबॉडी दोघांनाही चिकटते. तर हे झाले तुमचे दोन पाटील.

गोदाकाठ
पण मग जवळजवळ सगळ्या जगाला हा विषाणू असतो ना? सगळ्यांना एमएस का नाही? मला हे जरा फुगवलेलं वाटतं, ज्याच्या त्याच्या अंगात सापडणाऱ्याला गुन्हेगार ठरवणं सोपं असतं.

खडीसाखर
रास्त शंका आहे. काडी लागल्याशिवाय गंजी पेटत नाही, पण प्रत्येक काडीने गंजी पेटते असंही नाही ना. गवत वाळलेलं लागतं. एक जनुक आहे, एचएलए डीआरबी१ पंधरा शून्य एक, ते असलं की धोका साधारण तिप्पट. पण एकसारख्या जुळ्या बहिणींत एकीला झाला तरी दुसरीला होण्याची शक्यता चारात एकच्या आसपास, म्हणजे नुसती जनुकंही पुरत नाहीत. वर सिगरेट, किशोरवयातला लठ्ठपणा, ड जीवनसत्त्वाची कमतरता, आणि ईबीव्ही कुठल्या वयात होतो तेही. तान्हेपणी झाला तर निभावतं, सोळा सतराव्या वर्षी जोरात ताप येऊन गाठी सुजून झाला तर धोका जास्त. आपल्याकडे बहुतेकांना तो शाळेत जायच्या आधीच होऊन जातो, भारतात एमएस तुलनेने कमी असण्यामागे हेही एक कारण असू शकतं. पण आपल्याकडेही सगळीकडे सारखा नाही. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये पारशी समाजाचा अभ्यास छापला होता, त्यांच्यात एमएस बाकी भारतीयांपेक्षा बराच जास्त सापडला.

अटकेपार
इकडे लीड्सहून. मी वाचनमात्र असतो पण हा विषय घरातला आहे. बायकोला २०२१ ला निदान झालं. आम्ही दोघं सांगलीचे, इथे आलो तेव्हा पंचविशी ओलांडली होती. पण मला धडकी भरते ती मुलाची, तो इथेच जन्मला. जुना अभ्यास आहे इथला, १९९० चाच, भारतीय उपखंडातून आलेल्यांत एमएस कमी पण त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांत इथल्या गोऱ्यांच्या जवळपास जाणारा. डॉक्टर म्हणाल्या की तरीही मुलाचा धोका थोडकाच आहे, ड जीवनसत्त्व द्या आणि सिगरेटपासून लांब ठेवा, बाकी आयुष्य जगा.

बायको ऑफॅटुमुमॅब घेते, महिन्यातून एकदा पेनसारखं इंजेक्शन, स्वतःचं स्वतः मांडीत. फ्रिजमध्ये श्रीखंडाच्या डब्याशेजारी खोका असतो. आधी अर्धा तास बाहेर काढून ठेवायचं नाहीतर थंडगार चावतं. पहिल्याच इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी भरून ताप आला, नंतर काही नाही. चार वर्षांत एकही नवा डाग नाही. रानजाई, रिटुक्सिमॅब याचंच थोरलं भावंड आहे, घाबरू नका.

रानजाई
खूप धीर आला दादा. पण मला एक कळत नाहीये. हल्ला टी पेशी करतात असं वर लिहिलंय, आणि हे औषध बी पेशी मारतं. चोर सोडून संन्याशाला का?

खडीसाखर
ग्रेट प्रश्न, आणि यातच या आजाराची सगळ्यात भारी गोष्ट आहे.

कैक वर्षं सगळे टी पेशींच्याच मागे होते. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टीफन हाउझर म्हणत होते की बी पेशींकडे बघा, पण त्यांच्या म्हणण्याला फार कोणी भीक घालत नव्हतं. तरी प्रयोग झाला, १०४ पेशंट, काहींना रिटुक्सिमॅब काहींना नुसतं सलाइन, २००८ मध्ये छापून आला. मेंदूतले चालू सुजेचे डाग ९१ टक्क्यांनी कमी. आणि खरी मेख पुढे आहे. बी पेशींचं काम म्हणजे अँटिबॉडी बनवणं असं आपण शाळेत शिकतो. पण अँटिबॉडीचे कारखाने चालवणाऱ्या ज्या प्लाझ्मा पेशी, त्यांच्यावर सीडी२० ही खूणच नसते, आणि औषध नेम धरतं ते याच खुणेवर, त्यामुळे ते त्यांना हातही लावत नाही, अँटिबॉडी होत्या तशाच राहतात. आणि तरीही काही आठवड्यांत आजार गप्प. म्हणजे बी पेशी इथे दुसरंच काहीतरी करत होत्या. त्या खबऱ्या आहेत. टी पेशींना फोटो दाखवून 'हाच तो' सांगणाऱ्या. खबऱ्या उचलला, शिपाई गोंधळून बसले.

आता हे जोडा: ईबीव्ही जन्मभर मुक्काम करतो तो कुठे, तर बी पेशींच्याच आत. म्हणजे खबऱ्याच्या घरीच पहिला पाटील पाहुणा. नक्की साखळी कशी जुळते त्यावर अजून भांडणं चालू आहेत, पण २०२५ चं ब्रेकथ्रू पारितोषिक हाउझर आणि अशेरिओ दोघांना मिळून दिलं ते उगीच नाही.

याच वाटेने २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅब आलं, हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रायमरी प्रोग्रेसिव्ह प्रकारासाठी मान्यता मिळालेलं पहिलं औषध. आपल्याकडे ते परवडत नाही म्हणून रिटुक्सिमॅब देतात. त्याच्या भारतीय आवृत्त्या २००७ पासून आहेत, मूळ कॅन्सरसाठी. ते काही गरिबांचं औषध म्हणून देतात असं समजू नका, स्वीडनमध्ये एमएससाठी सर्रास हेच वापरतात, आणि २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी याचं नाव घातलं.

उंटावरचा
एक महत्त्वाचं. रानजाई, बहिणीची ॲक्वापोरिन ४ ची अँटिबॉडी तपासली का? आणि मॉगची? एमएससारख्याच दिसणाऱ्या वेगळ्या आजारांच्या खुणा असतात त्या. माझ्या मेव्हणीला आधी एमएस म्हणून सांगितलं, बीटा इंटरफेरॉन सुरू केलं, आठ महिन्यांत दोन मोठे झटके, एका डोळ्याची नजर गेली ती गेलीच. मग दुसऱ्या डॉक्टरांनी टेस्ट केली तर एनएमओ, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका निघाला. हा वेगळा आजार आहे, ती अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली, त्याआधी आशियात याला एमएसचाच एक प्रकार समजायचे. एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन, फिंगोलिमॉड, नॅटॅलिझुमॅब, एनएमओमध्ये उलट आजार भडकवतात. आपल्याकडे एनएमओ काही दुर्मिळातला दुर्मिळ नाही. एका रक्ताच्या टेस्टने कळतं, आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

रानजाई
बापरे. फाइल बघितली, दोन्ही झाल्यात, दोन्ही निगेटिव्ह. पाठीतल्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड पॉझिटिव्ह असं लिहिलंय, म्हणजे एमएसकडेच बोट. धन्यवाद हो, मेव्हणीचं वाचून वाईट वाटलं.

शेवंता७२
मी स्वतः पेशंट, सोळा वर्षं झाली. नागपूर. इथे सगळे नव्या पेशंटबद्दल लिहितायत म्हणून जुन्याचं लिहिते. मला गेली सहा वर्षं झटका नाही, एमआरआयवर नवा डाग नाही, डॉक्टर म्हणतात स्टेबल. पण मी दोन हजार एकोणीसला बर्डीत फिरून यायची आणि आता काठी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. स्टेबल म्हणे.

उन्हाळ्याचं पण सांगून ठेवते, बहिणीला उपयोग होईल. मे महिन्यात गॅससमोर पोळ्या करायला उभी राहिले की चौथ्या पाचव्या पोळीला डोळ्यापुढे धुकं यायचं, पहिल्यांदा आलं तेव्हा रडारड, वाटलं परत झटका. कूलरसमोर वीस मिनिटं बसले की साफ. त्याला उथॉफ म्हणतात, अंग तापलं की झिजलेल्या नसेतून सिग्नल जात नाही, नवा हल्ला नसतो तो. आता पोळ्या सकाळी सहाला आणि गळ्यात ओला पंचा.

आणि एक चूक कबूल करते. चार वर्षांपूर्वी एका स्टेम सेल क्लिनिकमध्ये गेलो होतो, नाव घेत नाही, कमरेच्या हाडातून काढून पाठीत टोचलं, साडेतीन लाख गेले, नवऱ्याने गावची एक एकर विकली. फरक शून्य. डोकं दुखलं आठ दिवस तेवढंच. माझ्यासाठी काही नवीन आहे का हो खडीसाखर, का आम्ही आता रांगेच्या बाहेर?

खडीसाखर
शेवंताताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. रांगेच्या बाहेर अजिबात नाही, उलट सध्या सगळ्यात जास्त काम तुमच्याच प्रश्नावर चाललंय.

तुमच्यात जे होतंय त्याला हल्ली धुमसता एमएस म्हणतात. बाहेरून शिपाई येणं थांबलंय, म्हणून झटका नाही, डाग नाही. पण आधी जे आत घुसले त्यांनी मेंदूच्या स्वतःच्या राखणदारांना, मायक्रोग्लियांना, बिथरवून ठेवलंय. चूल विझली तरी राखेखाली निखारा राहतो ना, तसं. जुन्या डागांच्या कडेला त्या वर्षानुवर्षं कुरतडत बसतात. आत्ताची बहुतेक औषधं रक्तात काम करतात, मेंदूच्या आत फारशी पोचतच नाहीत.

म्हणून बीटीके नावाच्या एन्झाइमला अडवणाऱ्या गोळ्यांकडे लक्ष आहे, हे एन्झाइम बी पेशीतही असतं आणि मायक्रोग्लियातही. २०२३ च्या डिसेंबरात त्यातली एक, इव्होब्रुटिनिब, आपटली, जुन्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. दुसरी, टोलेब्रुटिनिब, झटक्यांच्या बाबतीत सरस नाही ठरली, पण झटके थांबलेल्या सेकंडरी प्रोग्रेसिव्ह लोकांमध्ये, म्हणजे बरोबर तुमच्यासारख्यांत, अपंगत्व वाढायचा धोका ३१ टक्क्यांनी कमी झाला. एप्रिल २०२५ मध्ये छापून आलंय. हुरळून जाऊ नका, याने गेलेलं परत येत नाही, वेग कमी होतो. आणि काहींच्या यकृताला गंभीर इजा झाली, म्हणून रक्त वारंवार तपासावं लागतं.

तुमच्या क्लिनिकबद्दल. खरा स्टेम सेलचा उपचार वेगळा असतो आणि लोक दोन्हीची गल्लत करतात, ही क्लिनिकं त्याच गल्लतीवर जगतात. खऱ्यात आधी केमो देऊन अख्खी प्रतिकारयंत्रणा पुसतात आणि स्वतःच्याच साठवलेल्या पेशींनी नवी उभी करतात, पाटी पुसून परत श्रीगणेशा. २०१९ च्या एका अभ्यासात ११० जण होते, निम्म्यांना हे, निम्म्यांना औषधं, आजार पुढे सरकला तो यात ३ जणांचा आणि औषधांच्या गटात ३४ जणांचा. पण ते सगळे झटके येणारे, तरुण, बहुतेक चालतेफिरते होते. धोकाही खरा आहे, जंतुसंसर्ग, वंध्यत्व. पाठीत टोचायच्या पेशींना मात्र आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार क्लिनिकल ट्रायलच्या बाहेर परवानगीच नाही, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घेत नसतात. पैसे मागितले की उठायचं.

गोदाकाठ
आणि ते कार टी का काय ते? व्हॉट्सॲपवर फिरतंय 'एमएस कायमचा बरा'.

खडीसाखर
पेशंटच्याच टी पेशी काढून त्यांना बी पेशी शोधायला शिकवून परत सोडायच्या. जर्मनीत एर्लांगेनला लूपस या दुसऱ्या ऑटोइम्यून आजाराच्या ५ पेशंटवर २०२२ मध्ये केलं, पाचही जणांचा आजार शांत झाला. एमएसमध्ये ट्रायल आत्ता कुठे लहान प्रमाणात चालू आहेत. 'कायमचा बरा' हे व्हॉट्सॲपचं, शास्त्रज्ञांचं नाही. तसंच ईबीव्ही असलेल्या पेशी टिपणारा एक उपचार २०२३ मध्ये फेल गेला. वेष्टन परत चढवायचंही चाललंय, क्लेमास्टिन नावाचं ॲलर्जीचं जुनं औषध घेऊन २०१७ मध्ये डोळ्याच्या नसेतला सिग्नल किंचित का होईना वेगाने गेला. पण पुढच्या एका अभ्यासात ३ पेशंटची तब्येत ढासळली आणि तो भाग थांबवला, तेव्हा केमिस्टकडे धावू नका.

शेवंताताई, दिव्यांग प्रमाणपत्र काढलंत का? २०१६ च्या कायद्यात एमएस आहे यादीत.

शेवंता७२
काढलं. तीन चकरा झाल्या, तिथला माणूस म्हणे दिसायला तर बऱ्या दिसता. काठी टेबलावर ठेवली त्याच्या.

रानजाई
अपडेट देते, तीन आठवडे झाले. आधी टीबी आणि हिपॅटायटिस बी तपासलं, हे औषध दबलेली कावीळ वर काढू शकतं म्हणाले, आणि ज्या लसी घ्यायच्या त्या औषधाच्या आधी, कारण नंतर नीट लागू पडत नाहीत. परवा पहिला डोस झाला. सकाळी नऊला सलाइन लावली ती दुपारी तीन वाजता संपली. मध्येच घशात खवखव आणि कान लाल झाले, नर्सने थेंब कमी केले, अर्ध्या तासात थांबलं. मग बाईसाहेबांनी माझ्या डब्यातली मेथी संपवली आणि मला म्हणाली ताई तू घाबरलेली दिसतेस. दुसरा डोस पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांनी.

आईला पाटलांची गोष्ट सांगितली, तिला एकदम पटली. आता ती आत्याला फोनवर खबऱ्यापासून सगळं समजावते. फक्त विचारत होती की अंगणातल्या गुळवेलीचं काय करू, कुंपणावर चांगली चढलीये.

बंडूनाना
कापू नका. मी पुढच्या आठवड्यात नाशिकला येतोय, दोन काड्या मला द्या.

खडीसाखर
नाना, लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या आधी.